तेविसावी ट्रंक

हमालाने शेवटची ट्रंक व्हरांड्यात आदळली, हेडक्लार्कने यादीवर पेनचं टोक टेकवलं आणि म्हणाला, "बाई, एक जास्त आहे." कमी असती तर ती भांडली असती. पंधरा वर्षांत आठ बदल्या झाल्या होत्या आणि दर बदलीला काही ना काही कमीच पोचत आलं होतं. कधी इस्त्री, कधी पलंगाचा एक पाय, एकदा तर आख्खा ड्रम भरून भांडी. भांडण्यात तिचा हात धरणारं लष्करी वसाहतीत कोणी नव्हतं. पण जास्तीच्या सामानासाठी कसं भांडायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "यादीत बावीस आहेत, साहेबांची सही आहे खाली," हेडक्लार्क सांगत होता, "आणि ह्या तेवीस." कुठली जास्त आहे ते तिला न बघताच कळलं होतं. बाकीच्यांपेक्षा वीतभर लहान, काळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नवऱ्याचा लष्करी नंबर, हुद्दा, त्याखाली तेवीसचा आकडा, आणि त्याच्याही खाली रंगाऱ्याने उगाच वेलांट्या काढून लिहिलेलं एकच अक्षर आणि त्याला जोडून दुसरं: आई. आपण उभ्या आहोत आणि हातात चहाचा ट्रे आहे एवढंच तिला त्या क्षणी समजत होतं.

"आईसाहेब मागून येणार वाटतं?" हेडक्लार्कने कप उचलत विचारलं. माणूस भला होता, चष्मा कायम कपाळावर, आणि दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टींत मनापासून रस. ती म्हणाली, "बघू." तो म्हणाला, "बघू काय बाई, फॉर्ममध्ये नाव लावलंय ना?" तेव्हा तिच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं जे तिने चार महिन्यांपूर्वी नवऱ्याला सांगितलं होतं, त्याच चालीत, जणू तोंडपाठ केलेलं, की पासष्टच्या वरच्यांना घेत नाहीत ना इकडे. हेडक्लार्क हसायलाच लागला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला? काहीतरीच! वयाची अटच नाही. डॉक्टरचा एक कागद जोडला की झालं. समोरच्या लाइनीतल्या कॅप्टनसाहेबांचे आजोबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, रोज सकाळी समुद्रावर फिरतात, आमच्यापेक्षा टुणटुणीत." मग त्याने बोटांवर हिशेब केला. इथे आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत घरातल्या माणसाचं नाव वाढवता येतं, साहेबांची सही लागते आणि आधी का राहिलं त्याचं कारण लिहावं लागतं. "तुमचे अकरा दिवस उरलेत. संध्याकाळी साहेब ऑफिसात येतील तेव्हा मी घालतोच त्यांच्या कानावर." "नको," ती म्हणाली, "मी सांगते. मीच सांगते." हे ती इतकं झटकन बोलली की त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

तो गेला, हमाल गेले, आणि ती तेवीस ट्रंकांच्या मधे एकटी उरली. मुलं शाळेत होती, नवरा दिवसभर फायरिंग रेंजवर. घर बेटावरच्या साऱ्या घरांसारखंच होतं, पिवळ्या भिंती, हिरव्या खिडक्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर सरकारी नंबर. इथे सगळ्याला मीठ लागतं. दाराच्या कड्या दर आठवड्याला तेल मागतात, काडेपेटी ओली होते, धुतलेला टॉवेल हाताला धुतल्यासारखा लागतच नाही. आणि घराला तीन खोल्या होत्या, हा तर कहरच झाला. आल्या दिवशी नवरा घरभर फिरून आला आणि तिसऱ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "ही आईची झाली असती." त्यात ना तक्रार होती, ना राग. नियम म्हणजे नियम, असं मानणारा माणूस. नियमाशी भांडत बसायचं नसतं हे त्याच्या हाडात भिनलेलं, आणि म्हणून तर तिचं ते वाक्य त्याच्याकडे इतकं बिनबोभाट चालून गेलं. तिसऱ्या खोलीत तिने दोऱ्या बांधल्या आणि ओले कपडे वाळत घातले. ते तिथेही वाळत नव्हते.

खरं म्हणजे पहिला आठवडा ती सुखात होती, आणि हे ती कुणाजवळ कबूल करणार होती? सकाळी सातपर्यंत झोप. पाचला उठून ओट्यावर भांडी वाजवणारं कोणी नाही. आपण घडी घातलेले कपडे हळूच उलगडून पुन्हा आपल्या पद्धतीने घडी घालणारं कोणी नाही. "एवढं तेल?" नाही, "पोरं खोकतात बघ" नाही, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला बिनधास्त 'तू' म्हणता येत होतं. सासूबाईंसमोर तो 'अहो' असायचा, खोलीचं दार लागलं की 'तू', आणि सासरे गेल्यापासूनची सहा वर्षं ही कसरत करून तिची जीभ थकली होती. सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या फक्त होत्या, सगळीकडे होत्या, प्रत्येक बदलीत, प्रत्येक क्वार्टरमध्ये, हातात फडकं घेऊन. तिला तीन वर्षं हवी होती. आयुष्यभरातली फक्त तीन, एका बेटावर, आपल्या चौघांची. हे मागणं काही फार मोठं नाही असं तिने स्वतःला त्या वेळी किती वेळा समजावलं होतं. पण दुसरा आठवडा लागला आणि पाचला तिचे डोळे आपोआप उघडायला लागले. ती पडून राहायची आणि कान भांड्यांची वाट बघायचे. समुद्र तेवढा ऐकू यायचा, आणि शेजारी नवऱ्याचा श्वास. मग ती उठून ओट्यापाशी जाऊन उगाचच एखादं पातेलं इकडचं तिकडे ठेवायची.

फॉर्म तिनेच भरला होता. त्या घरातले सगळे फॉर्म तीच भरायची. शाळेचे, गॅसचे, बदलीचे, विम्याचे, लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून. तिचं अक्षर मोत्यासारखं, नवऱ्याचं कोंबडीचे पाय. ती कागद पुढे करायची, तो खिशातून पेन काढायचा आणि विचारायचा, "कुठे?" ती बोट ठेवायची, तो सही करायचा. पंधरा वर्षांत त्याने एकही फॉर्म वाचला नव्हता. यात त्याचा आळस नव्हता, विश्वास होता, आणि त्या विश्वासाची तिला मनातून थोडी गुर्मी होती, मैत्रिणींना हसत सांगायची, की उद्या मी त्याच्याकडून घटस्फोटावरसुद्धा सही घेईन आणि त्याला पत्ता लागणार नाही. त्या दुपारी तिने आधी खरा फॉर्म भरला होता, चार पानी, दोन्ही मुलांची नावं, आणि तिसऱ्या ओळीत सासूबाईंचं पूर्ण नाव, वय अडुसष्ट, नातं आई, अवलंबून आहे का, होय. शाई वाळेपर्यंत ती त्या ओळीकडे बघत राहिली. आतल्या खोलीतून सासूबाई धाकटीला सांगत होत्या, आईने बघ तुझी वेणी किती सैल घातलीय, ये मी नीट घालते. एवढंच झालं. त्याहून काडीचंही जास्त काही झालं नव्हतं. तिने दुसरा कोरा फॉर्म घेतला आणि पहिल्यावरून उतरवून काढला, फक्त ती एक ओळ सोडून. पहिला फाडायला हात उठेना. तिने तो घडी करून ड्रॉवरमध्ये खाली सारला आणि विसरली, किंवा विसरायचं ठरवलं. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कुठे?" तिने बोट ठेवलं.

तरी तोवर सगळं हाताबाहेर गेलेलं नव्हतं, हेच तिला आता व्हरांड्यात बसून पुन्हा पुन्हा वाटत होतं. नवरा म्हणाला होता, "तू सांग आईला, माझ्याने होणार नाही." ती उद्या सांगू म्हणाली आणि उद्या रंगारी आला. जड सामान माणसांच्या आधी निघतं, जहाजाने, महिना महिना, ही लष्करातली रीत. म्हणून ट्रंका रंगवायच्या, नंबर टाकायचे, झाकणाच्या आत यादी चिकटवायची. रंगारी अंगणात ट्रंकांवर आकडे काढत होता आणि सासूबाई आपली लहान ट्रंक फरफटत घेऊन बाहेर आल्या. "हिच्यावरही काढ रे बाबा. आणि खाली आई लिही, म्हणजे सामानात हरवणार नाही." ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तेव्हा बाहेर जाऊन नुसतं "आई, थांबा" म्हणायचं होतं. तेवढंच. ती मूग गिळून उभी राहिली, कारण ट्रंक थांबवायची तर का ते सांगावं लागणार होतं. आणि चार दिवसांनी ट्रक आला, ट्रंक त्यात चढली, सासूबाईंनी व्हरांड्यातून ट्रंकेकडे बघून हात जोडले, जणू ट्रंकच प्रवासाला निघालेली. ज्या बाईला आपण नेणार नाही आहोत तिचं सामान आपण जहाजावर चढवू दिलं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटेल? निघायला आठ दिवस उरले तेव्हा तिने सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या "बरं" म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग माझी ट्रंक?" ती म्हणाली, "परत मागवू." त्यानंतर सासूबाई लेकीकडे, म्हणजे तिच्या नणंदेच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या, हॉलमधल्या दिवाणावर. निरोप घेताना त्यांनी ट्रंकेची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. ती किल्ली तेव्हापासून तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स उघडताना दरवेळी तीच आधी हाताला लागायची.

रविवारचा फोन मुलाचा, बुधवारचा सुनेचा, असं सासूबाईंनीच ठरवून टाकलं होतं. बुधवारी दुपारी अडीचला नणंद ऑफिसात असायची आणि त्यांना मोकळं बोलता यायचं. बोलायच्या काय तर हवा, धाकटीचा दात, जावयाचा रक्तदाब. आणि शेवटी न चुकता, "माझी ट्रंक पोचली का गं?" ती नाही म्हणायची. अकरा बुधवार ती नाही म्हणत आली होती आणि तोवर ते खरंही होतं. तरी प्रश्न आला की त्या ट्रंकेत काय असेल ते तिला दिसत असायचं: ठेवणीतली चार लुगडी, सासऱ्यांचा फोटो, जपमाळ, गुडघ्याचं तेल, लोकरीची टोपी. म्हातारीने आपला सगळा उरलेला संसार बांधून पुढे पाठवला आणि आता दिवाणावर बसून त्याची चौकशी करतेय. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आज बुधवार होता. घड्याळात दोन वाजायला पाच मिनिटं कमी होती.

तिने किल्ली काढली. ही ट्रंक न उघडता तशीच परत पाठवून द्यावी असंही एकदा मनात आलं. पण मग नवरा विचारणार, आणि आधी हेडक्लार्क बोलणार, आणि एकूण काय, पळायला जागा नव्हती. कुलूप उघडणार नाही अशी तिला आशा होती, इथे सगळीच कुलपं गंजतात. ते एका फिरकीत उघडलं. आतून तेलाचा वास आला आणि मागोमाग डांबरगोळ्यांचा. झाकणाच्या आत यादी चिकटवलेली होती, हुबेहूब तिच्या पद्धतीने, पेन्सिलीने रेघा आखून. सासूबाईंचं अक्षर दुसरीतल्या मुलासारखं. तिने यादी वाचली नाही, हात घातला. सगळ्यात वर होती प्रेशर कुकरची तीन गॅस्केटं, कागदात गुंडाळलेली. ती बघतच राहिली. पंधरा दिवस तिचा कुकर वाफ सोडत होता, बेटावरच्या दोन्ही दुकानांत तिच्या कुकरचं गॅस्केट नव्हतं, आणि रोज वरण शिजेपर्यंत तिचा जीव जात होता. त्याच्याखाली शेकायची रबरी पिशवी. ती तिचीच, कंबर धरली की तिला लागायची, आणि निघण्याच्या गडबडीत हरवली म्हणून तिने सोडून दिलेली. मग थोरल्याचा कॅरमचा स्ट्रायकर आणि पावडरचा डबा. वर्दीची पितळी बटणं, एका बरणीत, तेल लावून. विळी, किसणी, दोन सुऱ्या, सगळ्यांना तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये बांधलेलं. सगळ्यात मोठं होतं ते धाकटीसाठी शिवलेलं पांघरूण, आणि ते उलगडल्यावर तिला ओळखू आले आपलेच जुने ड्रेस. तो निळा दुसऱ्या बदलीतला, तो पिवळा थोरल्याच्या वेळचा. ती एकेक वस्तू काढून जमिनीवर ठेवत गेली आणि तिच्या लक्षात यायला वेळच लागला की आत एकही लुगडं नाही. फोटो नाही. माळ नाही, तेल नाही, टोपी नाही. सासूबाईंच्या ट्रंकेत सासूबाईंचं म्हणून काहीच नव्हतं.

ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र घालायचं नाही, शाई कपड्यांना लागते, पांढरा जाड कागद घालायचा, हे तिने सासूबाईंना शिकवलेलं. पहिल्यांदा शिकवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं लष्करी सगळं बाई रुबाबाचं." तळाला पांढरा जाड कागद होता. चार पानं शेजारी शेजारी पसरलेली, कोपरे चिकटपट्टीने नीट दाबलेले, आणि मधे घडीची रेघ. तिसऱ्या ओळीत तिच्या स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात सासूबाईंचं पूर्ण नाव, वय अडुसष्ट, नातं आई, अवलंबून आहे का, होय. ती ट्रंकेच्या कडेला दोन्ही हात धरून बसली. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं ते तिला आज कळलं. कानांच्या पाळ्या गरम होतात आणि तोंडाला कोरड पडते, एवढंच. रडूही येत नाही. म्हणजे रंगारी आला तेव्हा त्यांना ठाऊक होतं. "हिच्यावरही काढ रे बाबा" म्हणताना ठाऊक होतं. भाजी निवडताना आपण ते पासष्टचं खोटं ऐकवलं तेव्हा, शेंगेची शीर काढत काढत त्यांना सगळं ठाऊक होतं. अकरा बुधवार.

फोन वाजला. बरोबर अडीच.

"जेवलीस का?" सासूबाई म्हणाल्या.

"हो." जेवली नव्हती.

"पोचली का गं माझी ट्रंक?"

"पोचली."

"अगंबाई, पोचली! कुलूप उघडलं ना? तेल सोडलं होतं मी. गॅस्केटं मिळाली? तिथे मेली काही मिळत नसतील म्हणून तीन टाकली."

"मिळाली. आई, मी सगळी रिकामी केली. पार तळापर्यंत."

पलीकडे नणंदेच्या हॉलमधला पंखा ऐकू येत होता, त्याचं एक पातं घासतं ते सुद्धा. मग सासूबाई म्हणाल्या, "नाव छान लिहिलं होतंस हो माझं. एवढं देखणं कुणी लिहिलं नव्हतं कधी."

"तुम्हाला कधी सापडलं?"

"ड्रॉवर आवरताना. रंगारी यायच्या आदल्या दिवशी. माझं नाव बघून आधी आनंदच झाला गं मला. मग म्हटलं, हा कागद इथे कसा, तो तर ऑफिसात गेला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

तिला वाटलं आपण आता काहीतरी बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. ती भराभर सांगत सुटली, की अजून अकरा दिवस आहेत, नाव वाढवता येतं, वयाची अट नव्हतीच, मी खोटं बोलले होते, खोली आहे, रिकामी आहे, समुद्र खिडकीतून दिसतो, डॉक्टरचा एक कागद फक्त, मी आज त्याला सांगते, सगळं सांगते, तुम्ही या. सासूबाईंसमोर आपण नवऱ्याला 'त्याला' म्हणालो हे तिला वाक्य संपल्यावर कळलं.

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मला नाही यायचं."

"आई, रागावलात तर—"

"रागावले होते. खूप. गॅस्केटं बांधतानाही रागावलेलीच होते, तुला काय वाटलं? पण यायचं मला तेव्हाही नव्हतं. ते विमान, तो समुद्र, माझे गुडघे. तुम्हा चौघांनाही जरा मोकळं राहू दे, एवढं मला कळत नाही होय? मी नाहीच म्हणणार होते. वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. सगळे जेवायला बसले की थाटात म्हणणार होते, मला नका धरू, तुम्ही जा, माझी काळजी करू नका. मग तो आग्रह करेल, तू वरवर का होईना एकदा म्हणशील, मी पुन्हा नाही म्हणेन." पंख्याचं पातं तेवढं घासत होतं. "ते तेवढं राहून गेलं बघ. विचारायचं तरी होतंस."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. सासूबाईच म्हणाल्या, "त्याला सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. माझ्याकडून त्याला कधी कळणार नाही. आणि ऐक, ती ट्रंक पुसून जरा उन्हात ठेव. नाहीतर तळ गंजेल." फोन ठेवला गेला.

म्हणजे सुटली की ती! हे तिच्या मनात आलं आणि आल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. सासूबाई बोलणार नाहीत, येणार नाहीत. हेडक्लार्कला म्हणायचं, आईंचीच इच्छा नाही, आणि ते खरंही ठरेल. कागद चुलीत घातला की संपलं. पंधरा वर्षांचा विश्वास जसाच्या तसा राहील, त्याला ओरखडासुद्धा पडणार नाही, आणि रोज पाचला उठून ती पातेलं इकडचं तिकडे ठेवत राहील. तिने गॅस्केट कुकरला बसवून बघितलं. बरोबर बसलं. वरण तीन शिट्ट्यांत झालं, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. शाळेतून आल्यावर धाकटीने पांघरूण अंगावर घेऊन घरभर मिरवलं आणि विचारलं, "आजी कुठल्या ट्रंकेतून येणार?" थोरला म्हणाला, "वेडी." तिने ट्रंकेच्या तळातल्या चिकटपट्ट्या नखाने एकेक सोडवल्या, सावकाश, कागद फाटू न देता, आणि ट्रंक पुसून अंगणातल्या शेवटच्या उन्हात ठेवली.

नवरा साडेपाचला आला. बुटांना रेंजवरची लाल माती, मान उन्हाने भाजलेली. अंगणातच थबकला. त्याने ट्रंकेच्या झाकणावरून, त्या वेलांट्यांच्या अक्षरांवरून हात फिरवला आणि दारातूनच म्हणाला, "आईची ट्रंक इथे आली? अरेरे. आता ही परत पाठवायची म्हणजे..." तो आत आला, खुर्चीत बसला, बुटांच्या नाड्या सोडायला वाकला. तिने चार पानी फॉर्म त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. वाकल्या वाकल्याच त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेन निघालं, टोपण उघडलं.

"कुठे?" तो म्हणाला.

तिने बोट ठेवलं नाही. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि मुठीत धरलं.

"सही नको," ती म्हणाली. "आज वाच."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचं थांबला, एका पायात बूट तसाच ठेवून खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. ती शेजारी उभी राहिली. तो हळू वाचतो, एकेक शब्द लावत वाचतो, हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. तिसरी ओळ यायला अजून वेळ होता.